डागणी

आठवीची सहामाही. प्रश्न तिसरा, अ.
अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा:
डागण्या देणे. गुण दोन.

चाळीस पेपरांत चाळीस सासवा
चाळीस सुनांना डागण्या देत होत्या.
गाइडात तेवढं एकच वाक्य होतं.
एकेचाळिसावा पेपर कोकिळा सुपडू कासारचा:
'माझे वडील फुटक्या हंड्याला डागणी देतात.
मग हंडा गळत नाही.'

मी लाल पेनाने लिहिलं, अर्थ चुकला.
खाली भोपळा काढला, देठासकट.
एवढ्यावर भागलं असतं.
पण पेपर वाटताना, पारोळ्याच्या त्या पत्र्याच्या वर्गात,
ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, पोरं हसायला टपलेली,
मी म्हणालो,
'नाव कोकिळा, आणि तोंड उघडलं की डबाच वाजतो.
बापाचा गुण, दुसरं काय!'

वर्ग हसला.
ती पेपरची घडी घालत राहिली,
घडीवर घडी,
पोस्टाच्या तिकिटाएवढी होईपर्यंत.

व्याख्या मला पाठ होती:
तापल्या सळईने जनावराला, तसं शब्दाने माणसाला.
उदाहरणही त्या दिवशी मीच दिलं,
फळ्यावर लिहायचं तेवढं राहिलं.

डाग किती परींचा असतो आमच्याकडे.
सदऱ्यावर केळीच्या चिकाचा, तो निघत नाही.
लग्नासाठी जळगावच्या पेढीवरून आणलेला, तो कपाटात.
एसटीच्या टपावर चढवलेला, तो उतरताना मोजायचा.
काविळीत मनगटावर देतात, तो.
आणि बोरीच्या काठी मुलाने बापाला द्यायचा, तो.
एवढे सगळे मला ठाऊक,
कथलाचा तेवढा नव्हता.

यंदा मे महिन्यात हिच्या माहेरचा हंडा गळायला लागला.
दुकानात सुपडू भिंतीवर, हार घातलेला.
भाऊ नव्हता, बोरीकाठचं तिनेच केलं म्हणे.
खाली भात्याशी कोकिळा,
चष्मा कपाळावर, नवसागराचा धूर.

तिने हंडा उन्हाकडे धरला,
आत डोकं घालून भोक शोधलं,
मग कानस घेऊन खरवडत बसली,
तांबं कोवळं दिसेपर्यंत.
'मळ राहिला तर धरत नाही,' म्हणाली,
हंड्यालाच.

बावीस वर्षं एक वाक्य घेऊन हिंडतोय.
गुण वाढवावेत तर पेपर रद्दीत गेले,
कुणी त्यांत शेव-मुरमुरे बांधून खाल्ले असतील.
मी तोंड उघडलं
आणि डबाच वाजला:
'किती झाले?'

'द्या साठ रुपये, सर.
आन् धरू नका आते, गरम शे.'

सर म्हणाली.
म्हणजे ओळखलं होतं.

रात्री हंडा भरून ठेवला.
दोनदा उठून खाली हात फिरवला. कोरडं.
पैशाएवढा करडा ठिपका, जरा खडबडीत.
अंधारातही बोट
नेमकं तिथेच जातं.