लांडगे, सदर

सदरमध्ये आजोबांचा दातांचा दवाखाना.
पाटीवर एवढंच : डॉ. लांग.

त्यांच्या आजोबांचं कूळ निओहुरू.
मांचू बोलीत त्या नावात लांडगा होता.
राज्य बुडालं, मांचू म्हटलं की मार पडे,
तेव्हा लांडग्याचा चिनी उच्चार ठेवला, लांग,
आणि अक्षर घेतलं दुसरं,
भल्या माणसाचं.
शेपूट आत, दार बंद.

मे महिना. रेशनच्या हापिसात
कूलरला पाणी नाही.
उईके बाबू म्हणाले,
"लांग? असं कुठं आडनाव असते का जी?
लांडगे लिहितो."

आजोबा काहीच बोलले नाहीत.
रात्री कार्ड दिव्यापाशी नेऊन
एकेक अक्षर बोटानं वाचलं
आणि इतके हसले, इतके हसले.

कवळी तेव्हा पेल्यात होती.