जळका जोडा

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर ऑरविलचं कोपर.
तळ्याचं नाव बर्न्ट शू.
मी मराठी करून सांगितलं, जळका जोडा.
जोडा म्हणजे बूटही आणि नवराबायकोही,
हे सांगायचं राहून गेलं.
म्हणजे, राहू दिलं.

हा माझा व्याही.
होता, म्हणायला हवं, गेल्या मार्चपासून;
डलूथच्या कोर्टात शर्वरीनं आणि एरिकनं
दहा मिनिटांत सह्या केल्या तेव्हापासून.
पण व्याह्याला इंग्रजीत शब्दच नाही,
मग तो रद्द कुठल्या कागदावर करायचा?
गुरुवारी संध्याकाळी हा आला,
दारात बूट आपटून बर्फ झाडला
आणि म्हणाला, यंदा कुठं?

अकरा हिवाळे आम्ही एकाच तळ्यावर बसलो.
केबिनच्या मागच्या दारापासून दोनशे पावलं,
बुडालेल्या ओंडक्याच्या उजवीकडे पहिलं भोक.
केबिन विकली. अर्धे पैसे तिला, अर्धे त्याला.
ओंडका कुणाच्या वाट्याला गेला
ते वकिलांनी विचारलं नाही.

म्हणून आता हे परकं पाणी,
साडेतीन तास उत्तरेला, कॅनडाच्या अलीकडे.
खोलीच्या रेषा अंगठ्याच्या ठशासारख्या:
आठ फूट, चौदा, बावीस, मग एकदम एक्केचाळीस.
ऑरविल पेन्सिलनं बाविसाच्या कडेला फुली मारतो.
वॉलआय दिवेलागणीला उतार चढून वर येतो, म्हणतो,
कुठल्याही तळ्यात.
माणसांचं तसं नाही, हे तो म्हणत नाही.

आमिषाच्या दुकानात फोन लावला.
मार्लिस नावाची बाई, आवाज करवतीचा.
बर्फ धरलाय, म्हणाली, पण एकमतानं नाही.
काळा असेल तर चार इंचांवर माणूस उभा राहतो,
पांढरा असेल तर दुप्पट मोजा,
ओढा मिळतो त्या अंगाला फिरकू नका,
आणि ट्रक किनाऱ्यावरच.
कोण कोण येताय?
मी ऑरविलकडे पाहिलं. तो नकाशात.
दोघंच, म्हणालो.

विजेच्या बिलामागं यादी:
हाताचं गिरमिट. साठ फूट दोर. जिवंत मिनो, दोन डझन.
दोन मोठे खिळे, दोरीत ओवून गळ्यात घालायचे;
खाली गेलोच तर बर्फात रोवून वर यायला.
मंगळसूत्र, ऑरविलला सांगितलं, तो खूप हसला,
मग एकदम गप्प झाला.
शेवटची ओळ त्याच्या अक्षरात,
सुकटाची चटणी, स्पेलिंग सपशेल चुकलेलं.

हेमलता मार्चपासून त्याच्याशी धड बोललेली नाही.
चहा मात्र दोन कप आले, वेलची घालून,
ती ओट्याकडेच तोंड करून.
मसाला वाटून ठेवू का, तिनं भिंतीला विचारलं.
मी म्हटलं, अगं, बाजारात तुरी!
तोवर नारळ फुटला होता.

लहानपणीचा खेळ सांगितला मी त्याला,
तळ्यात म्हटलं की पुढं उडी, मळ्यात म्हटलं की मागं,
जो गोंधळला तो बाद.
ऑरविलनं कप फिरवत विचार केला.
आणि तळं गोठलं असेल तर?
आमच्या गावाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.
वर पाऊल, खाली एक्केचाळीस फूट पाणी,
ओरडणारा काय ओरडेल?

शनिवारी पहाटे चार, ठरलं.
जाताना दारात बूट चढवताना म्हणाला,
गाडी तू चालव.
डाव्या डोळ्याला अंधारात दिसत नाही हल्ली.
अकरा हिवाळ्यांत त्यानं
स्टिअरिंग कधी दिलं नव्हतं.

ओट्याकडून आवाज आला,
त्याला विचारा, खोबरं चालतं ना अजून?