ऐनवेळचा विषय

विषयपत्रिकेवर तेरा विषय होते.
चौदावा चहानंतर आला,
मा. अध्यक्षांच्या परवानगीने,
जसे असले विषय येतात तसा.

येवला नगरपालिका, सभागृह.
पंखे चार, फिरणारे तीन.
आणि कोपऱ्यात मी, इतिवृत्ताची वही मांडीवर,
एकोणीस वर्षं याच कोपऱ्यात.

घर नंबर अकराशे सत्तेचाळीस
आणि घर नंबर अकराशे अठ्ठेचाळीस,
यांच्या मधला बोळ.
रुंदी साडेचार हात. उताऱ्यावर कुणाचंच नाव नाही.
वडनेरे म्हणाले, गाळा काढू, भाड्याने देऊ,
गटारीला दोन लाख कमी पडताहेत.
ताहेराबी मोमीन म्हणाल्या,
अहो, जागा तरी बघून या आधी.
मग दोघं एकदमच बोलले,
मग सगळेच.
मी लिहिलं: चर्चा झाली.

गुरुवारी मोजणीला गेलो, मी आणि ओव्हरसियर कोकणे.
बोळात ताणा लावलेला.
या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत डाळिंबी रेशीम,
इतकं बारीक की आधी नुसता रंगच दिसला,
धागे मागाहून.
द्वारकाबाई भांडगे राखेच्या बोटांनी
एक तुटका धागा सांधत होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
टेप खालून न्या. नाहीतर दुपारी या.

कोकणे रांगत गेले.
पॅन्टचे गुडघे झटकत पलीकडे उभे राहिले
आणि ओरडले, सव्वीस फूट!
नकाशात सत्तावीस.
एक फूट कुणी खाल्ला
यावर दोन्हीकडच्या भिंती गप्प.

फॉर्मवर एक रकाना असतो: सध्याचा वापर.
तिथे आम्ही 'मोकळी' लिहितो,
नाहीतर 'पडीक', नाहीतर 'अतिक्रमण'.
मी लिहिलं 'ताणा'.
का लिहिलं ते सांगता येणार नाही.
डोळ्यांसमोर तेच होतं.

त्या एका शब्दाला गाळ्याचा विषय अडखळला.
वापरातली जागा, नोटीस लागेल, मुदत लागेल,
पुढच्या सभेला कोरम नाही,
त्याच्या पुढच्या सभेआधी आचारसंहिता.
तहकूब, तहकूब.
मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.
एवढीच चूक झाली माझी.

एप्रिलात संगणकाने तो रकाना वाचला.
वापर आहे म्हणजे वापरणारा आहे,
वापरणारा आहे म्हणजे आकारणी आहे.
बिल निघालं. चारशे बारा रुपये.
नाव: भांडगे द्वारकाबाई विठ्ठलसा.

त्या तीन नंबरच्या खिडकीशी आल्या,
बिलाची घडी ब्लाउजमधून काढून सरळ केली.
"म्हणजे बोळ माझा झाला?"

मी बिलाच्या तळाशी बोट ठेवलं.
त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं,
शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक शब्द सुटा:
सदर नोंद केवळ कर आकारणीसाठी असून
मालकी हक्काचा पुरावा समजू नये.

"हां," म्हणाल्या,
"आमच्या मागावरच्या पैठणीसारखंच की मग."

नोटा मोजल्या. वरचे बारा सुट्टे काढून दिले.
एका नाण्याला राख होती,
मी ती पुसली नाही, गल्ल्यात तशीच टाकली.
पावती फाडली.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

त्या जाईनात.
"साहेब, दहानंतर ताणा काढते मी.
मग तिथे शेजारीण पापड वाळत घालते.
चारला पोरं क्रिकेट खेळतात.
रात्री जाधवांचा आंधळा कुत्रा झोपतो.
त्यांची बिलं कुणाच्या नावावर काढता?"

मी म्हटलं, हळू बोला मावशी.
आत अंदाजपत्रकाची सभा चालू आहे.