वर जायला वीस तेत्री

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टला
पत्र्याचं एक तोंड आहे.
वीस तेत्री टाकल्याशिवाय ती वर नेत नाही.
उतरणं फुकट.
पहिल्या वर्षी मला यात फार मोठा अर्थ दिसायचा,
आता फक्त सुटे पैसे दिसतात.

मी तिबिलिसीत आले ती साठ पोरांचा स्वयंपाक करायला.
डॉक्टर व्हायला आलेली आपल्याकडची पोरं,
हाडांची लॅटिन नावं घोकत भात कालवणारी.
एका वर्षासाठी आले. हे सातवं.
पहिली तुकडी डॉक्टर होऊन गेलीसुद्धा,
मी अजून तीच आमटी ढवळते आहे.

भाषेनं आधी फसवलं.
इथे बापाला मामा म्हणतात. आईला देदा.
तळमजल्यावरचं शेंबडं पोर
'मामा, मामा' करत एका बाप्याच्या मागे धावलं तेव्हा
मी मनातल्या मनात त्याच्या आईला
माहेरपणाला आणून बसवलं होतं.
नंतर कळलं, 'नाही'ला आरा.
आणि 'हो'ला
हो.
अगदी आपलाच. तोच ओठांचा चंबू, तीच हललेली मान.
तेहतीस अक्षरांच्या त्या वेटोळ्यांतून
हा एकटाच उठून दारापर्यंत आला
आणि म्हणाला, चपला असू देत, ये.

बाजारात लामारा मसाल्यांचे ढीग लावून बसते.
तिनं तळहातावर चिमूट ठेवली, मी हुंगली:
मेथी! म्हणजे मेथीची कोणीतरी मवाळ चुलत बहीण.
नाव काय? उत्स्खो सुनेली.
म्हणजे? परका मसाला.
येतो कुठून?
तिनं हात लांब केला, डोंगरांकडे:
येतो कुठून म्हणजे? इथेच उगवतो, रानात, बांधावर.
मग परका का?
लामारानं खांदे उडवले,
पाव किलो तोलला
आणि वर मूठभर तसाच घातला.

मागच्या फेब्रुवारीत लिफ्ट अडकली. उतरताना. फुकटात.
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये
मी, चौदाव्या मजल्यावरच्या त्सिआलाबाई
आणि आंबट आलुबुखारच्या चटणीच्या आठ बाटल्या.
त्यांनी छातीवर तीनदा क्रूस काढला.
मी बटण दाबत राहिले.
बाटल्या मझियाला चालल्या होत्या, त्यांच्या लेकीला.
शुक्रवारी इथून एक मिनीबस निघते,
इटलीला पोचते चार दिवसांनी.
मझिया तिथे कुणा म्हातारीला अंघोळ घालते,
तिची औषधं मोजते, तिच्या कुरकुरीला मान डोलावते.
नाव जमत नाही म्हणून घरातले तिला मारिया म्हणतात.
मी म्हटलं, माझं शालन.
तुम्ही सगळ्यांनी शालिको केलंत,
ते तर पुरुषाचं नाव!
त्सिआलाबाई इतक्या हसल्या की लिफ्ट हलली.
मग आम्ही दोघी गप्प झालो.

तेवढ्यात फोन. आई.
जेवलीस का, बर्फ पडतो का, गुडघा कसाय,
मे महिन्यात नक्की येतेस ना.
हो. हो. हो गं. हो.
फोन ठेवला तर त्सिआलाबाई बघतच राहिलेल्या:
आईशी तू आमच्या भाषेत बोलतेस?
आता अंधारात काय काय समजावणार.
म्हटलं, हो.

तासाभरानं जुंबेर पहार घेऊन आला.
मिनीबस गेली होती.
चटणी आठवडाभर माझ्याकडे राहिली,
चौदा मजले परत कोण चढवणार.
एक बाटली मी फोडली, सांगून;
पोरांनी ती पिठल्याबरोबर संपवली.

मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात.
सातवी आता नाण्यांची.
सकाळच्या घाईत हात हळदीचा असतो, कधी हिंगाचा.
लिफ्टच्या त्या पत्र्याच्या तोंडाभोवती
पिवळट डाग पडलाय.
कुणी पुसत नाही.