डावा मागचा पाय

चादर अपुरी पडली तेव्हा
मष्णू गावड्यानं कमरेची लुंगी सोडून दिली
आणि हाफ चड्डीवर रात्रभर जनरेटर सांभाळला.

कणकुंबीच्या वर, सड्यावर.
समुद्रसपाटीपासून आठशे बारा मीटर.
मोबाईलवर आळीपाळीनं
तीन राज्यं आमचं स्वागत करत होती.

दिव्यावर आधी हुमणीचे भुंगेरे आले, ढिगानं,
मग उडत्या मुंग्या, एक खंडोबाचा किडा,
आणि पावणेदोनला
हा.

करंगळीच्या नखाएवढा.
तव्याच्या बुडासारखा काळा, खडबडीत,
पण बॅटरी तिरकी धरली की
वांग्याच्या सालीवर सरकतो तसा जांभळा उजेड.
मष्णूनं वास घेतला.
"मॅडम, ह्यो शेणातला न्हवं ओ. ह्यो हाडावरचा.
गवा मेला की येतोय."
मी वहीत लिहिलं, अन्न : अज्ञात.

बेळगावात, प्रयोगशाळेच्या गळक्या खिडकीशी
त्याच्या उजव्या कवचातून टाचणी घातली.
खाली लेबल. गाव, तालुका, उंची, तारीख,
'संग्राहक : म. गावडा.'
मग ओळखतालिका :
मांडीवर दाते आहेत? असल्यास चौदाकडे जा.
नसल्यास बाविसाकडे.
दाते तीन? चौदा. चार? एकोणीस.
ह्याला तीन होते, आणि एक होऊ घातलेला.
तिथं कुठं जायचं ते छापलेलं नव्हतं.

मी तीन संग्रहालयांना फोटो पाठवले.
एकांचं उत्तर आलं :
नवा असावा. पोट उघडून नराचं अंग बघा,
त्याशिवाय काही सांगता येणार नाही.
दिवाळीनंतर उघडू म्हटलं.

सुट्टीत डब्यात मुंग्या शिरल्या.

पोट नाही. डोकं नाही.
टाचणीवर अर्धं कवच,
तळाशी कापसात डावा मागचा पाय,
साडेतीन दात्यांसकट.
लेबल तेवढं कोरं करकरीत.

त्यानंतर तीन आश्विन सड्यावर गेलो.
तोच जनरेटर, नवी चादर.
हुमणी आली. खंडोबाचा किडा आला.
पहाटे चुलीवरचा काळा चहा ओतताना
मष्णू म्हणाला,
"राहू दे ओ. तुमच्याकडं एक हाय न्हवं, डब्यात?
माझं नाव घातल्यालं?"

हाय, म्हटलं.

तो खूश होऊन
भिजलेल्या चादरीच्या घड्या घालत राहिला,
कोपऱ्याला कोपरा जुळवत,
एकेक पाखरू फुंकर मारून उडवत.

काल रात्री त्याचा फोन आला. रेंज तुटत होती.
"मॅडम... ओढ्याच्या अंगाला... गवा...
चार दिस झालं आसंल... वास मारतोय...
गार्डाला सांगितलंय. या की."

वहीतलं 'अज्ञात' खोडलं.
डांबरगोळ्या, बाटल्या, चिमटा, परवान्याची झेरॉक्स.
पहाटेची जांबोटीची बस.
पर्समध्ये काचेची कुपी, तिच्यात तो पाय,
धक्क्यानं हलतोय,
चालल्यासारखा.