बावीस गेज

गारगोटी कुंभारीच्या एका विहिरीतली.
सुरुंग उडवल्यावर काळ्या दगडाच्या पोटातून निघालेली,
एका बाजूनं दुधी, दुसरीकडून
गार झालेल्या कोऱ्या चहासारखी.
रेणव्वाच्या नवऱ्यानं खिशातून काढून दिली,
म्हणाला, बघ, गळ्यात घालण्याजोगं काही होतं का हिचं.

भोक पाडायचं मशीन नाही माझ्याकडे.
म्हणून तार.

यमुलांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात
जळक्या मोटारींचा वास.
किती जाड पाहिजे, विचारलं.
मी काय सांगणार? चिमटीनं दाखवलं, एवढी.
हसले. बावीस गेज, म्हणाले,
आणि किलोनं विकायची तार
चहाच्या पुडीएवढी तोलून दिली.

भावाची मागावरची पक्कड. दातेरी.
तारेवर तिचे चावे उमटतात,
म्हणून जबड्याला जुन्या चादरीची पट्टी.
वरची कडी वळवायला खास चिमटा लागतो म्हणे,
मी रिफिल संपलेलं पेन घेतलं.

पहिल्यांदा दोन तारांची फुली केली,
फुलीवर दगड, चारी टोकं वर ओढून पिळली.
छान दिसत होतं.
उचललं तर दगड फरशीवर
आणि माझ्या हातात नुसता पिंजरा.

दुसऱ्यांदा घट्ट.
इतकं घट्ट, की वाकवली, उलगडली, पुन्हा वाकवली
आणि त्याच जागी तार तुटली. आवाजसुद्धा नाही.
तांबं पहिल्या वेळी मऊ असतं,
मग दर वेळी थोडं हट्टी होत जातं.
मला वाटलं होतं,
वाकवत राहिलं की वळण लागतं.

दुपार. बेचाळीस डिग्री. लाइट गेलेली.
माग थांबले की कळतं,
गल्लीत माणसांचेही आवाज असतात.
अम्मा भिंतीला टेकून, मांडीवर सूप.
सूप रिकामं. सवयीनं घेते.
डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा
हजारातल्या दोनशे विड्या छाटात जायला लागल्या,
मग ब्रँचवाल्यानं पान देणंच थांबवलं.

आण इकडे, म्हणाली.
दगड ओठाला लावून पाहिला.
किती गार आहे गं.
मग अंगठ्यानं फिरवत राहिली,
रुंद कुठे, निमुळता कुठे,
कंबर कुठे त्याची.
इथं बांध. पोटावर नाही, खांद्याखाली.
मी वेढा घातला.
गट्टिगा नको, मेल्लगा.

विडीचा दोरा असाच असतो.
पान फाटू नये आणि सुटूही नये,
या दोन्हींच्या मधे जेवढी जागा
तेवढ्या जागेत आम्ही तिघं वाढलो,
शाळेची फी भरली गेली,
पत्र्याच्या जागी स्लॅब आला.

तीन वेढे बसले. चौथा सरळ नाही आला.
राहू दिला.

उरलं टोक. मानेला ओरखडणारं.
कापून टाकू का, विचारलं,
तर तिनं चाचपत ते शोधलं
आणि नखानं आत दाबलं,
तेच नख, चाळीस वर्षं
विडीचं तोंड मुडपत आलेलं,
तंबाखू सांडू नये म्हणून.
पण तार म्हणजे पान नाही. निम्मीच वळली.
उरलेली मी पकडीनं मुडपली,
तिच्या नखाच्या दिशेनं.

लाइट आली. सगळे माग एकदम.
दगड दोऱ्यात लटकतो, जरासा डावीकडे झुकून.
रेणव्वा म्हणेल, वाकडं आहे.
आहेच.

किती झाले? अम्मा मोठ्यानं विचारते, मागांच्या वर.
एक.
ती गप्प होते. हजाराच्या हिशेबात
एक कुठे ठेवायचा, आठवत नसावं.
मग मांडीवरचं सूप पुढे सरकवते.
यात ठेव, म्हणते.