नवसागर

एकोणीस वर्षं चालू असलेला पंप
आज दुपारी साडेतीनला मी बंद केला.
खोली एकदम मोठी झाली.
गांगुर्डे म्हणाला, "बाई, कानात काहीतरी गेल्यासारखं वाटतंय."
गेलं नव्हतं काही. निघून गेलं होतं.

तांबट आळीत वाढलेल्या मुलीला
शांततेची सवय नसतेच.
हंडा, घंगाळ, बंब,
एकाच्या दोन ठोक्यांमध्ये शेजारच्याचा ठोका;
त्या फटींत बसून मी पाढे पाठ केले.
अजूनही सतरा नवे म्हणताना
मान हलते.

दादा कल्हई करायचे.
तापल्या पितळेवर चिमूटभर नवसागर,
पांढरा धूर, डोळ्यांना धार,
मग कथलाची कांडी, कापसाचा बोळा,
आणि एका फिरवणीत पातेलं आतून उजाडायचं.
"नवसागर कशाला?"
"पितळ मळलेलं असतं, बये. दिसत नाही तेव्हाही."

पुढे चाळीस वर्षं मी तेवढंच मोजत बसले,
न दिसणारा मळ.

सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा.
आतला प्रत्येक अणू चौघांचे हात धरून उभा.
सगळ्यात वरच्या रांगेला मात्र वर कुणीच नाही,
तिचा एकेक हात रिकामा.
हवेत ठेवा, पापणी लवायच्या आत
कुणीतरी येऊन तो धरतंच.
म्हणून पोलादी भांड्यातली हवा उपसायची,
भांडं फॉइलमध्ये गुंडाळून तीन दिवस भाजायचं
(गांगुर्डेची बायको विचारायची, आज काय शिजवलं?),
आणि त्या रिकाम्या हातांकडे
घटकाभर बघायला मिळालं तर नशीब.

भारनियमनाच्या दिवसांत रात्री दोनला वीज गेली
की मी लूनावर, गाऊनवर स्वेटर,
द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात तसल्या थंडीत
गंगापूर रोडनं झडपा बंद करायला.
जर्मनीतून परत का आलीस, असं लोक विचारत.
दादांचा उजवा डोळा गेला होता,
आणि तिथलं पाणी मला बाधायचं.
दोन्ही खरं.

पंप नवा होता त्या वर्षीची गोष्ट.
पडद्यावर हिरवे ठिपके उमटले,
अशा मांडणीत, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती.
तीन महिने मी नीट जेवले नाही.
स्वच्छ सिलिकॉनची नवी रचना!
लेख लिहिला, पाठवला, स्वीकारलासुद्धा त्यांनी.
मग एका संध्याकाळी आलेख पुन्हा चाळताना
एकशे एक्क्याऐंशीपाशी बारीकसा उंचवटा दिसला,
तांदळात खडा असावा तसा.
क्लोरीन.

पाणी बदललं, आम्ल बदललं, हातमोजे बदलले.
उंचवटा तिथंच.
दिवाळीच्या तोंडावर घरी गेले,
दादांनी तव्यासारख्या लाल परातीवर नवसागर टाकला
आणि मला शिंक आली.
नमुना धरायची तांब्याची चिमटी
त्यांनीच तर घडवून दिली होती,
त्याच भट्टीशेजारी, त्याच धुरात.

लेख परत मागवला. दोन ओळींचं पत्र.
पहिली ओळ लिहायला आठवडा लागला.
दादांना सांगितलं तर आधी गप्प राहिले,
मग म्हणाले, "म्हणजे मी तिथवर पोचलो होतो म्हण की."
आणि चिंच लावून चिमटी घासून दिली.
त्यानं काही होत नसतं.
मी बरं म्हटलं,
आणि प्रयोगशाळेत येऊन पुन्हा आम्लात बुडवली.

आता झडप सैल केली.
हवा आत शिरताना बारीक शिट्टी वाजते,
कुकर उलटा वाजावा तशी.
आत शेवटचा तुकडा होता.
त्याचं जे व्हायचं ते
शिट्टी संपायच्या कितीतरी आधीच होऊन गेलं असेल.

गांगुर्डे फॉइलच्या घड्या घालतोय.
"नेऊ का घरी? चांगली आहे अजून."
ने म्हटलं.
चिमटी मी पर्समध्ये टाकली, सुट्या पैशांच्या कप्प्यात.
हिरवी पडेल.
पडू दे.